पितळी गडवा आणि परदेशी कपात

कमिशन हा शब्द ऐकला की माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात. हे मी अभिमानाने सांगतोय, आजार म्हणून नाही. घरासाठी प्लॉट घेतला तेव्हा दलालाला एक पैसा कमिशन दिलं नाही. त्याने सूड म्हणून असा प्लॉट दाखवला की तीन पावसाळे आम्ही चिखलातून चपला हातात घेऊन घरी आलो. पण दिलं नाही म्हणजे नाही.

गेल्या सप्टेंबरच्या शेवटी माझ्या पाळ्या अशाच गरम झाल्या, त्या भंडाऱ्यात पितळेची भांडी घडवणाऱ्या मधुकररावांच्या दुकानात. मी गेलो होतो घरातल्या जुन्या गडव्याचं गळकं बूड झाळून घ्यायला. गडवा म्हणजे पुण्या-मुंबईकडचा तांब्या. पुढे त्याचाच एक भाऊ ऑस्ट्रेलियाला जाणार आहे, तेव्हा वाचकाची या घराण्याशी आधीच ओळख झालेली बरी.

दुकानात मधुकरराव नेहमीसारखे ऐरणीपाशी बसलेले नव्हते. ते बाजूला स्टुलावर बसले होते आणि ऐरणीपाशी गोपीचंद उभा होता. गोपीचंदचं चौकात स्टीलच्या भांड्यांचं मोठं दुकान आहे आणि मागच्या बाजूला मोडीचा धंदा आहे. त्याने सोबत वजनकाटा आणला होता.

"काय चालून राहिलं जी?" मी विचारलं.

"काही नाही. मोडीत काढून राहिलो," मधुकरराव म्हणाले. "ऐरण, हातोडे, भट्टीचं सामान, सगळंच. पितळ कोण घेते आता? महिन्यातून दोन गिऱ्हाईक येतात. एक तुमच्यासारखं झाळाले येते, आन एक बस स्टँडचा रस्ता पुसाले येते."

अडुसष्ट वर्षांचा माणूस, हात अजून असा चालतो की ठोक्याचा आवाज ऐकून घड्याळ लावावं.

"मी तं मधुकररावले म्हणून राहिलो," गोपीचंद म्हणाला, "माल माह्या दुकानात ठेवा. विकला तं शेकड्याले पंधरा माह्ये. पण आयकतच नाहीत."

पाळ्या गरम झाल्या.

"पंधरा टक्के? बसल्या जागी पंधरा टक्के?" मी म्हणालो. आणि मग मी एक भाषण केलं. ते भाषण मला आजही शब्दशः आठवतं, कारण सरिताने, म्हणजे माझ्या बायकोने, ते मला पुढे कित्येकदा म्हणून दाखवलं. त्याचा सारांश असा, की आजच्या जगात मधला माणूस उरलेलाच नाही. मोबाइलवर फोटो टाकायचा, परदेशातला माणूस थेट कारागिराकडून वस्तू घेतो, कमिशन शून्य. आणि हे काम मी, बाबुलाल उके, मधुकररावांसाठी फुकट करून देईन.

मधुकरराव स्टुलावरच माझ्याकडे वळले. "एका गडव्याचे चौदाशे. येतीन?"

"चौदाशेच्या चौदाशे. तुमच्या हातात."

"तीस नोव्हेंबरपर्यंत थांबतो मंग," ते म्हणाले. "तोवर परदेशात एकाचे दोन, दोनाचे चार गिऱ्हाईक झाले तं ठीक. नाही झाले तं गोपीचंदभाऊ, तुम्ही काटा घेऊन या."

गोपीचंदने खिशातून छोटी डायरी काढून तारीख लिहून घेतली. मला तो त्या क्षणी फार क्षुद्र माणूस वाटला.

घरी आल्यावर सरिताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अवो, तुमाले लाइटचं बिल भराले खुशबूले पुण्याले फोन करा लागते. तुम्ही ऑस्ट्रेलियात काय विकता?" मी तिला तेव्हा ऑस्ट्रेलियाचं नावही सांगितलेलं नव्हतं. हा देश तिनेच पहिल्यांदा उच्चारला, त्यामुळे पुढच्या प्रकाराची थोडी जबाबदारी तिच्याकडेही जाते असं माझं मत आहे.

खुशबू, आमची मुलगी, पुण्यात नोकरी करते. तिने फोनवरून मला 'जगपेठ' नावाच्या संकेतस्थळावर दुकान उघडून दिलं. शेवटी म्हणाली, "बाबा, त्यांची फी असते हां. करार नीट वाचून घ्या."

आता मी जवाहरनगरच्या फॅक्टरीतला निवृत्त माल तपासणीस. न वाचता सही करणं हे माझ्या रक्तात नाही. करार त्रेचाळीस पानांचा होता. मी तो भंडाऱ्याहून छापून आणला आणि प्रत्येक पान वाचून खाली बरोबरची खूण करत गेलो. फीचं प्रकरण एकोणतिसाव्या पानावर होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. सत्ताविसाव्या पानावर माझा डोळा लागला होता आणि उठल्यावर मी एकतिसाव्यापासून सुरुवात केली, कारण पंख्याने पानं उलटली होती.

पुढचे दोन आठवडे कागदपत्रांत गेले. परदेशी माल पाठवायचा तर निर्यातीचा क्रमांक लागतो. तो मिळाला. मग बँकेला कळवावं लागतं की परदेशातून पैसे कशाबद्दल येणार. बँकेतल्या मॅडमने संगणकावर एक यादी उघडली. त्यात जहाजाचं भाडं होतं, सल्ला देण्याची फी होती, नातेवाइकांनी पाठवलेले पैसे होते.

"सर, तुमचं काय टाकू?"

"गडवा," मी म्हणालो.

"गडवा नाही यात."

"मग तांब्या पाहा."

तिने मला बाकावर बसवलं. तासाभराने मोठे साहेब आले, त्यांनी 'वस्तूंची निर्यात' असा साधा रकाना काढून दिला आणि विचारलं, "किती कंटेनर?" मी एक बोट वर केलं. त्यांनी उठून हात मिळवला आणि माझ्यासाठी चहा मागवला. एक कंटेनर नव्हे, एक गडवा, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. चहा मात्र मी घेतला नाही.

फोटोचंही तसंच. मधुकररावांनी विकायचा नवा गडवा इतका घासून दिला होता की त्यात समोरचं सगळं दिसायचं. मी अंगणात उन्हात ठेवून नऊ फोटो काढले आणि चढवून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी खुशबूचा फोन. "बाबा, फोटो मोठा करून पाहिला का? गडव्यात तुम्ही बनियनवर उभे आहात, मागे आई दोरीवर कपडे वाळत घालते आहे." तोवर तो फोटो एकशे बारा लोकांनी पाहिला होता. मी पॅन्ट-शर्ट घालून, वर कोट चढवून पुन्हा फोटो काढले.

आणि फोटो चढवल्यापासून एकोणिसाव्या दिवशी गडवा विकला गेला. ऑस्ट्रेलियातल्या हेलन नावाच्या बाईंनी घेतला. किंमत चौदाशे, पाठवणावळीचे मी अंदाजाने अठराशे लावले होते, एकूण बत्तीसशे. आणि वर तिथल्या सरकारचा कर तीनशे वीस. बाईंनी सगळं एका झटक्यात भरलं. मी मोबाइल घेऊन शेजारच्या वासुदेवरावांकडे गेलो.

वासुदेवरावांची सिहोऱ्याकडे धानाची शेती आहे. मुलाच्या नोकरीमुळे ते आमच्या शेजारी राहायला आले आणि तेव्हापासून शेती सोडून बाकी प्रत्येक विषयावर सल्ला देतात. "बाबुलालभाऊ, पॅकिंग मजबूत करा," ते म्हणाले. "विमानातून फेकतात म्हणे सामान. खाली मानूस उभा ऱ्हायते, थो झेलते." त्यांचं हे ज्ञान कुठून आलं मी विचारलं नाही, पण पॅकिंगच्या बाबतीत मला कोणी शिकवावं हेही मला पटलं नाही. ज्या फॅक्टरीत मी चौतीस वर्षं काढली तिथला खोका छपरावरून टाकला तरी आतल्या मालाला कळू नये असा नियम होता. मी पहिल्यांदा सागाची पेटी बनवून घेतली. पार्सलवाला म्हणाला, लाकडाला औषध मारल्याचा वेगळा दाखला लागतो. मग पुठ्ठ्याचा खोका, त्याच्यात पुठ्ठ्याचा खोका, त्याच्यात तिसरा, आणि मधल्या जागेत फोमचे तुकडे, वरून लोखंडी पट्ट्या.

बांधायच्या आधी सरिताने गडवा हातात घेतला आणि आत पाहिलं. "रिकामाच पाठवता?"

मी चपापलो. खरंच की! आमच्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा परत करताना रिकामी देत नाहीत; चिमूटभर साखर का होईना, आत टाकतात. आणि हे तर नवंकोरं भांडं, परक्या देशात, एका बाईच्या घरी पहिल्यांदा जाणार. वासुदेवराव कुंपणापाशीच उभे होते. "थांबा," म्हणाले, आणि घरातून जुन्या चिन्नोर तांदळाची ओंजळ घेऊन आले. सुगंधी, दाणा न दाणा निवडलेला. "बाईले म्हना, भात मांडून पाहा. गल्लीभर वास जाईन." सरिताने तांदूळ गडव्यात घातला, मी स्वतः तोंडावर झाकण बसवून चिकटपट्टी लावली आणि तपासणीसाच्या सवयीने वर लिहिलं, 'तपासले, योग्य'.

पार्सलच्या कचेरीत पाठवणाऱ्याचा पत्ता इंग्रजीत लिहायचा होता. मी सवयीने लिहिला: बाबुलाल उके, सेवानिवृत्त वरिष्ठ तपासणीस, ऑर्डनन्स फॅक्टरी, जवाहरनगर. वस्तू: पितळी, पोकळ, एक नग.

काउंटरवरच्या माणसाने कागद वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. मग पार्सलपासून दोन पावलं मागे सरकला.

"काका, आत काय आहे जी?"

"गडवा."

"पितळेचा, पोकळ, आन दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून?"

लोखंडी पट्ट्या कापून, तिन्ही खोके उघडून, गडवा काउंटरवर ठेवून दाखवावा लागला. तिथल्या सगळ्यांनी तो पाहिला, दोघांनी मोबाइलवर फोटो काढला, एका बाईने मधुकररावांचा पत्ता विचारला. झाकणाची चिकटपट्टी मात्र कोणी काढली नाही, कारण वर 'तपासले, योग्य' असं लिहिलेलं होतं. सरकारी अक्षराचा दरारा अजून आहे. पुन्हा बांधून वजन झालं दोन किलो आठशे. गडवा सातशे ग्रॅमचा, बाकी सगळी माझी दक्षता. दोन हजार नऊशे साठ रुपये.

म्हणजे अठराशेच्या जागी जवळजवळ तीन हजार. मी मनाला समजावलं, की हे पहिलं पार्सल आहे, शिकायचा खर्च आहे. आणि त्याच संध्याकाळी जगपेठेचा हिशेब आला.

तो हिशेब मी तीनदा वाचला. पहिली ओळ विक्री शुल्क, शेकडा तेरा. ठीक आहे, चौदाशेवर तेरा टक्के. पण नाही, शुल्क होतं पाठवणावळीसकट. बरं, पाठवणावळीसकट. पण नाही, बाईंनी आपल्या सरकारला भरलेला करही त्यात धरलेला. तो पैसा माझ्या फाटकासमोरूनसुद्धा गेला नव्हता आणि त्याच्यावर माझ्याकडून फी! दुसरी ओळ आंतरराष्ट्रीय शुल्क. तिसरी, प्रत्येक सौद्यामागचं ठरावीक शुल्क. चौथी, या शुल्कांवरचा जीएसटी. पाचवी, डॉलरचे रुपये करण्याचं शुल्क. सगळं मिळून सातशे चौपन्न रुपये. चौदाशेच्या गडव्यावर सातशे चौपन्न! गोपीचंदने दोनशे दहा घेतले असते आणि सोबत चहा पाजला असता.

मी जगपेठेच्या मदत कक्षाला लिहिलं. उत्तर लगेच आलं. पलीकडे माणूस नव्हता, हे मला तिसऱ्या उत्तरानंतर कळलं.

"आंतरराष्ट्रीय शुल्क कशाचं?" मी विचारलं.

"खरेदीदाराचा पत्ता आपल्या देशाबाहेर असल्यामुळे हे शुल्क लागू होते."

"तुमची पेठ कुठे आहे?"

"आमची सेवा जगभर उपलब्ध आहे."

"पेठ जगभर आहे तर बाई बाहेर कशी? ती पेठेतच आहे. मीही पेठेतच आहे. मग बाहेर कोण गेलं?"

"आपल्या प्रश्नाचे समाधान झाले का? हो किंवा नाही निवडा."

मी 'नाही' दाबलं. "धन्यवाद," उत्तर आलं, "आपला अभिप्राय नोंदवून ही चौकशी बंद करण्यात आली आहे." फॅक्टरीत साहेबाने असं लिहिलं असतं तर मी युनियन उभी केली असती.

सरळ सांगायचं तर माझ्या हाती आले दोन हजार चारशे सेहेचाळीस आणि पार्सलला गेले दोन हजार नऊशे साठ. मधुकररावांचे चौदाशे अजून द्यायचेच होते. इथे शहाण्या माणसाने जाऊन खरं सांगितलं असतं. मी बँकेत गेलो, पेन्शनमधून चौदाशे काढले आणि मधुकररावांच्या हातात ठेवले. "घ्या. पुरे चौदाशे. कपात शून्य."

मधुकररावांनी नोटा कपाळाला लावल्या. तो प्रसंग मला अजून टोचतो. कारण दुसऱ्याच दिवशी ते घरातले साठवलेले पैसे घेऊन पितळेचा पत्रा आणायला गेले आणि सहा गडवे ठोकायला बसले. चौकात गोपीचंद भेटला. "काय उकेसाहेब, कमिशन किती लागलं?" तो म्हणाला. "शून्य," मी म्हणालो आणि मान इतकी ताठ ठेवली की घरी जाऊन सरिताकडून बाम चोळून घ्यावा लागला. सरिताला सगळं ठाऊक होतं. ती बाम चोळता चोळता एवढंच म्हणाली, "आता सहा गडव्यांचे कुठून काढता? एफडी मोडता काय?"

अठरा नोव्हेंबरला जगपेठेचा लाल अक्षरातला निरोप आला. पार्सल ऑस्ट्रेलियात अडवलं होतं. कारण: जाहीर न केलेलं धान्य.

त्या देशात बाहेरचा दाणासुद्धा येऊ देत नाहीत म्हणे, शेतीला रोग लागतो म्हणून. खुशबूने फोनवर समजावून सांगितलं, "बाबा, आता बाईंनी पैसे परत मागितले तर सगळे द्यावे लागतील, आणि फी परत येणार नाही. दुकानही बंद करू शकतात." मी वासुदेवरावांना सांगितलं. त्यांना बाकीचं काही ऐकूच आलं नाही. "आमच्या चिन्नोरले रोग?" ते म्हणाले. "माह्या आज्यापासून खाऊन राहिलो! थ्याहिले म्हना, येऊन पाहा सिहोऱ्याले, एक तरी बिमार दिसते काय!" हे मी ऑस्ट्रेलियाच्या सरकारला कळवावं असा त्यांचा दोन दिवस आग्रह होता.

मी हेलनबाईंना पत्र लिहिलं. मी मराठीत सांगितलं आणि खुशबूने इंग्रजीत केलं. चूक माझी आहे, मी लिहिलं. तांदूळ चोरून पाठवायचा नव्हता. आमच्याकडे दुसऱ्याच्या घरी भांडं रिकामं पाठवत नाहीत, तसं पाठवणं आम्हाला वाईट दिसतं. पैसे परत हवे असतील तर देतो. हे शेवटचं वाक्य लिहिताना मी घाम पुसला.

चोवीसला उत्तर आलं. तिथल्या खात्याने तांदूळ नष्ट करून गडवा बाईंच्या ताब्यात दिला होता आणि साफसफाईचे पैसे बाईंनी स्वतः भरले होते. त्यांनी जगपेठेवर पाचपैकी चार तारे दिले. एक तारा तांदळाबद्दल कापला होता. तेवढी एक कपात मला न्याय्य वाटली. वासुदेवरावांना मी फक्त चार ताऱ्यांचं सांगितलं, तांदूळ नष्ट केल्याचं नाही. त्याखाली बाईंचा एक निरोप होता: गडवा फार सुंदर आहे, बहिणीसाठी आणि मुलीसाठी अजून दोन मिळतील का?

या निरोपाला मी उत्तर दिलं नाही. चोवीस गेली, पंचवीस गेली, अठ्ठावीस गेली. दोन गडवे म्हणजे पुन्हा तेच नुकसान, दुप्पट. मी मोबाइल उलटा करून ठेवायचा आणि बागेला पाणी घालायचो. बागेत दोनच झाडं आहेत, ती पाण्याने कुजायला आली.

तीस नोव्हेंबरला सकाळी मी कपडे केले, हिशेबाचा कागद खिशात घातला आणि मधुकररावांकडे गेलो. आयुष्यात इतक्या मालाला नापास केलं, पण स्वतःला नापास करायला पहिल्यांदाच निघालो होतो. दुकानात सहाच्या सहा गडवे ओळीने मांडलेले होते आणि मधुकरराव ऐरणीपाशी बसले होते. दारात गोपीचंद आलेलाच होता, काटा घेऊन. डायरीप्रमाणे.

"मधुकरराव," मी उभ्याउभ्याच म्हणालो, "मी खोटं बोललो. ते चौदाशे परदेशाचे नव्हते. माझ्या पेन्शनचे होते." आणि सगळं सांगून टाकलं. तेरा टक्के, आंतरराष्ट्रीय शुल्क, तीन खोके, तांदूळ, सगळं. गोपीचंदने काटा खाली ठेवला आणि तो पायरीवर बसून ऐकत राहिला, ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

मधुकररावांनी हातोडी बाजूला ठेवली. "मंग बाईले गडवा पसंत नाही पडला?"

"पडला ना. अजून दोन मागते आहे. चोवीस तारखेपासून."

"आन तुम्ही काय सांगतलं?"

"उत्तर नाही दिलं अजून."

"काहून?"

"नुकसान होईल म्हणून."

मधुकरराव उठून उभे राहिले. "बाई दोन मागून राहिली, इकडं माही ऐरण मोडीत चालली, आन तुम्ही उत्तर नाही देल्लं?" त्यांचा आवाज मोठा झाला आणि मग त्यांनीच तो आवरला. ऐरणीवर हात टेकून म्हणाले, "बाईनं सगळे मिळून किती भरले?"

"पस्तीसशे वीस."

"महाग म्हनली?"

"नाही."

"मंग चौदाशे कोनं ठरवले?"

"तुम्हीच. याच जागी."

"मी भंडाऱ्याच्या बाईचा भाव सांगतला होता जी. ऑस्ट्रेलियाच्या बाईचा भाव तुम्ही मले पुसला काय?" ते म्हणाले. "चौतीसशे सांगा एकाचे. वरून पाठवाचे वेगळे. कपात-गिपात सगळी त्याच्यातून जाऊ द्या."

"चौतीसशे?" माझ्या तोंडून निघून गेलं. "एका गडव्याचे चौतीसशे कोण देईल?"

मधुकररावांनी ओळीतला पहिला गडवा उचलून माझ्या हातात दिला. मी सवयीने तो उजेडात फिरवून पाहिला. बुडापासून गळ्यापर्यंत हातोडीचे ठोके, बारीक, एकसारखे, ओळीला ओळ लागून. एकही ठोका चुकलेला नाही. चौतीस वर्षं मी मालात खोट शोधत आलो. मालाची किंमत काय असावी हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं, आणि मीही कधी विचार केला नव्हता. हे काम मी मनातल्या मनात चौदाशेचंच धरलं होतं. साऱ्या जगपेठेने मिळून सातशे चौपन्न कापले होते. मी एकट्याने दोन हजार कापले होते. मला फार लाज वाटली.

तिथेच बसून निरोप लिहिला. खुशबूने फोनवर इंग्रजी सांगितलं, मी एकेक अक्षर दाबत गेलो. एका गडव्याचे चौतीसशे, पाठवणावळ वेगळी, आधीची किंमत माझी चूक होती. सरतेशेवटी मधुकररावांच्या सांगण्यावरून त्यांचं नाव लिहिलं, गडवा कोणी ठोकला ते. गोपीचंदने समोरून चार चहा मागवले, चौथा कोणासाठी ते त्यालाही माहीत नव्हतं. चहा संपायच्या आत मोबाइल वाजला. हेलनबाईंनी लिहिलं होतं, "चालेल. दोन पाठवा."

मी कागदावर मांडून पाहिलं. खोका एकच आणि हलका धरला, तर सगळ्या कपाती जाऊन एका गडव्यामागे बावीसशे उरत होते. मी आकडा मोठ्याने वाचला. गोपीचंदने काटा उचलला. "चार आता उरले न जी? दोन माह्या दुकानात देजा," तो मधुकररावांना म्हणाला, "भाव तुम्ही सांगा," आणि गेला.

"आता तुमचे किती?" मधुकररावांनी मला विचारलं.

"माझे कशाचे? मी कमिशन घेत नाही."

"शेकड्याले दहा घ्या."

"मधुकरराव, मी आयुष्यात..."

"घ्या जी," ते म्हणाले. "फुकटच्या मानसाले रागावता येत नाही. तुम्ही सहा दिवस त्या बाईले लटकवून ठेवलं, मघापासून माह्या तोंडात कायकाय येऊन राहिलं, पण रागावू कायच्या जोरावर? दहा टक्के घ्या."

पाळ्या गरम झाल्या. मी ऐरणीकडे पाहिलं, ओळीतल्या सहा गडव्यांकडे पाहिलं.

"घेतले," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

मग मधुकररावांनी मला पंधरा मिनिटं झाडलं. पॅकिंगवरून झाडलं, पेन्शनवरून झाडलं, खोटं बोलल्यावरून तर असं झाडलं की रस्त्यावरची दोन माणसं थांबली. शेवटी हातोडी उचलत म्हणाले, "उद्या सकाळी नऊले या. खोका मी सांगतो तसा बांधाचा."

मी पावणेनऊलाच पोचलो.